एका भांडणाच्या दोन फायली

बाबांच्या नौपाड्यातल्या फ्लॅटवरून ठाण्याच्या कोर्टात आमची दोन प्रकरणं चालली. दिवाणीत आई, मी आणि माझी धाकटी बहीण वादी. फौजदारीत मी, बहीण आणि माझा नवरा आरोपी. समोर दोन्हीकडे एकच माणूस, माझा चुलतभाऊ. नातेवाईक लग्नाकार्यात भेटले की विचारायचे, "केस कुठवर आली गं?" आणि मी म्हणायचे, "कुठली?" दोन्ही आता संपली आहेत, म्हणून सविस्तर लिहिते आहे. नावं कुणाचीच लिहिणार नाही.

इमारत जुनी, तळमजला आणि वर तीन मजले, लिफ्ट नाही. नौपाड्यात अशा सोसायट्या गल्लोगल्ली आहेत आणि बऱ्याचशा पुनर्विकासाच्या रांगेत उभ्या आहेत. आमचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर. आईचं खुब्याचं हाड मोडल्यावर ती वर्तकनगरला माझ्याकडे आली. बाबा मात्र घर सोडायला तयार नव्हते. गुडघे गेलेले, तरी कठड्याला धरून तो एक मजला चढायचे, उतरायचे. चुलतभाऊ डोंबिवलीहून अधूनमधून येऊन त्यांना बघून जायचा, ही गोष्ट खरी आहे. २०२१ मध्ये बाबा गेले. पुढच्या वर्षी बिल्डर ठरला, सभासदांच्या कागदपत्रांची छाननी सुरू झाली आणि चुलतभावाने सोसायटीत एक मृत्युपत्र नेऊन दिलं. नोटरीचा शिक्का असलेलं, दोन साक्षीदारांच्या सह्या असलेलं. त्यात लिहिलं होतं की, "माझा पुतण्या गेली दोन वर्षे माझ्यासोबत राहून माझी सेवा करीत आहे, सबब सदर सदनिका मी त्यास देत आहे." आईचा उल्लेख एका ओळीत, आम्हा मुलींचा त्याहून कमी.

वकील शोधणं हा या सगळ्यातला सर्वांत अंधारा भाग होता. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार वकिलाला जाहिरात करता येत नाही. म्हणजे आपल्या हाती उरते ती दारावरची पाटी, कुणाची तरी ओळख आणि ऐकीव कीर्ती. पहिल्या वकिलांनी फी विचारल्यावर सांगितलं, "आत्ता काही देऊ नका, फ्लॅट मिळाला की त्यातले अमुक टक्के." ऐकायला बरं वाटतं, पण दाव्यात वकिलाने असा हिस्सा ठरवणं त्याच नियमांत बसत नाही, हे माझ्या शाळेतल्या एका सहकाऱ्याच्या वडिलांनी सांगितलं. ते कोर्टात शिरस्तेदार होते. त्यांनीच दुसरी गोष्टही सांगितली: "बाई, कोर्ट खुलं असतं. कुणीही जाऊन मागच्या बाकावर बसू शकतं. उलटतपास ऐका. जो आवडेल त्याचं नाव विचारा."

मी सुट्टीच्या दिवसांत तेच केलं. कोर्टनाक्याला रिक्षा सोडायची, बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, बघायचा, जिथे साक्षीपुरावा चालू असेल तिथे जाऊन बसायचं. मी गणित शिकवते, त्यामुळे कुणी टप्पे गाळून उत्तरावर उडी मारली की लगेच खटकतं. बरेच वकील आवाजावर चालतात. साक्षीदारावर ओरडतात, त्याच्याशी वाद घालतात आणि साक्षीदार त्या वादात हवं ते सगळं सांगून मोकळा होतो. एके दिवशी एका खोलीत पन्नाशीच्या पुढच्या एक बाई उभ्या होत्या. आवाज इतका खालचा की मला पुढच्या बाकावर सरकावं लागलं. प्रश्न एका ओळीचे, प्रत्येकात एकच गोष्ट. न्यायाधीश टायपिस्टला सांगत ते "हे म्हणणे खरे नाही की" पुरं होईपर्यंत त्या थांबत, मग पुढचा प्रश्न. साक्षीदाराला आपल्या बाजूने काही सांगायला जागाच मिळत नव्हती. बाहेर आल्यावर मी त्यांच्या कारकुनाकडून वेळ घेतली. पुढे आम्ही सगळे त्यांना मॅडमच म्हणत आलो.

मॅडमचं ऑफिस चरईत. शहापूरकडून आसनगावची लोकल पकडून येणारा एक ज्युनियर, एक कारकून, बाकी भिंतभर फायली. दिवाणी की फौजदारी असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "तालुक्याच्या कोर्टात सुरुवात केली मी. तिथे सकाळी जामीन आणि दुपारी बांधाचं भांडण, निवड करायला मिळत नाही." फी टप्प्याटप्प्याने ठरली: दावा दाखल होईपर्यंत इतकी, मनाईच्या अर्जापर्यंत इतकी, पुराव्याला इतकी. प्रत्येक तारखेचे वेगळे पैसे नाहीत. हा करार आम्हाला फार मानवला, कारण तारीख पडल्याचा वकिलाला फायदा होत नाही.

दावा तयार होत असताना आईने फ्लॅटवर जायचं ठरवलं. तिचं घर, तिची भांडी, बाबांच्या पेन्शनचे कागद, देव्हारा. आम्ही तिघं तिच्यासोबत गेलो. कुलूप बदललेलं. चुलतभाऊ आतून आला, जिन्याच्या चौकात शब्दाला शब्द वाढला, ढकलाढकली झाली, आई खाली बसली आणि आम्ही तिला घेऊन परतलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गुन्हा नोंदला गेला. भारतीय दंड संहितेची कलमं ४५२, ३२३, ५०४, ५०६, सोबत ३४. म्हणजे दुखापतीच्या तयारीने घरात घुसणं, मारहाण, शिवीगाळ, धमकी, आणि हे सगळं एकाच इराद्याने मिळून करणं. फिर्यादीत लिहिलं होतं की आरोपी काठी घेऊन आले होते. काठी होती, पण ती आईची चालायची.

यातलं ४५२ अजामीनपात्र. माझा नवरा सरकारी नोकर, बेलापूरच्या कोकण भवनात. ४८ तासांहून जास्त कोठडी झाली की सेवा नियमांप्रमाणे माणूस आपोआप निलंबित मानला जातो, हे त्याला पाठ होतं आणि त्या रात्री त्याने ते मला पुनःपुन्हा ऐकवलं. मॅडम फोनवर शांत. ४५२ ला शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. आणि सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट अटक करायची नाही, आधी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४१-अ कलमाखाली हजर राहण्याची नोटीस द्यायची, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार खटल्यात बजावलं आहे. "नोटीस येईल, अटक बहुतेक नाही," त्या म्हणाल्या. "पण बहुतेकवर सरकारी नोकराला झोपायला सांगत नाही मी. उद्या अर्ज टाकू."

सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज आधी तात्पुरत्या संरक्षणासाठी चालतो. मग तपास अधिकाऱ्याचा 'से', म्हणजे लेखी म्हणणं, मागवतात, सरकारी वकील विरोध करतात आणि नंतर अंतिम हुकूम होतो. सरकारी वकिलांनी काठीचा मुद्दा काढला. मॅडमनी आईचे ऑपरेशनचे कागद पुढे केले, पाचेक मिनिटं बोलल्या. जामीन कायम झाला. अटी नेहमीच्या: जातमुचलका, म्हणजे स्वतःची लेखी हमी, आणि जामीनदार, बोलावलं की पोलीस ठाण्यात हजेरी, साक्षीदारांशी संपर्क नाही. शेवटच्या अटीमुळे पुढे इमारतीतल्या शेजाऱ्यांशी बोलणंही अवघड झालं. ज्या काकूंनी मला लहानपणी भरवलं त्या साक्षीदारांच्या यादीत होत्या. त्या समोरून आल्या की आम्ही दोघी खाली बघून जायचो.

जामिनापेक्षाही एका गोष्टीची घाई मॅडमना जास्त होती. सोसायटीच्या फाटकावरचा कॅमेरा. अशा यंत्रांत जुनं चित्रण थोड्या दिवसांत पुसलं जाऊन त्यावर नवं बसतं. त्यांनी त्याच आठवड्यात सोसायटीला आणि तपास अधिकाऱ्याला पत्र पाठवून ते जपायला सांगितलं, आणि चित्रण त्याच यंत्रातलं असल्याचं, पुरावा कायद्याच्या ६५-ब कलमाखालचं प्रमाणपत्र सेक्रेटरींकडून घेतलं. हे प्रमाणपत्र नसेल तर पेन ड्राइव्हला कोर्टात किंमत नाही. त्यावरचा ठळक निकाल आपल्या जालन्यातून गेलेला आहे: अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, निवडणुकीचा वाद, सर्वोच्च न्यायालय, २०२०. राजकारण्यांच्या भांडणातून आमच्यासारख्यांच्या कामाचं असं काहीतरी निघतं, याची मला गंमत वाटली. कॅमेऱ्यात जिना दिसत नव्हता. दिसत होतं ते एवढंच: चार माणसं आत गेली, काठी आईच्या हातात; थोड्या मिनिटांनी चारही बाहेर आली, काठी आईच्याच हातात.

मग दाव्याचा मसुदा. इथे मला पहिल्यांदा कळलं की दोन्ही फायली एकाच्या हातात का हव्यात. मी जिन्यावरच्या प्रसंगाची चार पानं लिहून नेली होती, मिनिटामिनिटाची. मॅडमनी ती वाचली आणि बाजूला ठेवली. दाव्यात त्या प्रसंगाच्या दोनच ओळी आल्या: अमुक तारखेस वादी घरी गेल्या असता प्रतिवादीने प्रवेश नाकारला व त्यानंतर खोटी फिर्याद दाखल केली. "आरोपीला गप्प बसायचा हक्क आहे," त्या म्हणाल्या. "तो हक्क तुम्ही दिवाणीच्या कागदावर स्वतःच्या सहीने सोडून देणार? ही चार पानं उद्या फौजदारीत तुमच्यासमोर येतील. एका वाक्यात 'मी त्याचा हात बाजूला केला' असं आहे. तेवढं पुरतं." याआधी भेटलेल्या एका दिवाणी वकिलांनी एफआयआरचं दुसऱ्या कुणाला तरी बघायला सांगा म्हटलं होतं. मसुद्यात ही चार पानं गेली असती की नाही, देव जाणे.

बहिणीचा आग्रह वेगळा होता. मृत्युपत्र बनावट आहे, आपणही उलट गुन्हा दाखल करायचा, ४६७, ४६८, ४७१. मॅडम यावर तासभर बोलल्या असतील. बनावटपणाची फिर्याद केली की संशयापलीकडे शाबीत करायचं ओझं सरकार पक्षावर, म्हणजे पर्यायाने आपल्यावर. हस्ताक्षरतज्ज्ञ आपण आणला की दुसरा ते आणणार. प्रकरण पुराव्याअभावी बंद झालं की तोच कागद ते दिवाणीत मिरवणार. उलट दिवाणीत मृत्युपत्र सिद्ध करायचं ओझं ते पुढे करणाऱ्यावर असतं. भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या ६३ व्या कलमाप्रमाणे किमान दोन साक्षीदार लागतात. त्यांनी सही होताना पाहिलेली असावी किंवा सही करणाऱ्याने त्यांच्यापाशी ती आपलीच म्हणून सांगितलेली असावी, आणि त्यांनी स्वतः त्याच्या समक्ष सही केलेली असावी. नोटरीचा शिक्का याची भरपाई करत नाही. शिवाय ज्याला सगळं मिळतं त्यानेच मृत्युपत्र करवून घेण्यात पुढाकार घेतला असेल, तर शंका दूर करण्याची जबाबदारी त्याच्यावर जास्त येते. १९५९ च्या वेंकटाचल अय्यंगार खटल्यापासून हे चालत आलं आहे. "सही खोटी आहे असं आपण छातीठोकपणे म्हणायचंच नाही," मॅडम म्हणाल्या. "ती खरी निघाली तरी आपण जिंकलो पाहिजे." बहीण दोन दिवस माझ्याशीही बोलली नाही.

दावा दाखल होताना एक सुखद धक्का बसला. मालमत्तेच्या वादात स्त्री पक्षकारांना कोर्ट फी माफ आहे, महाराष्ट्र शासनाची १९९४ ची अधिसूचना आहे तशी. आम्ही तिघीही बायकाच. कारकुनाने अधिसूचनेची झिजलेली झेरॉक्स जोडली आणि काम झालं. मुंबई शहरात तेव्हा मृत्युपत्रावर प्रोबेट, म्हणजे कोर्टाचं शिक्कामोर्तब, घ्यावंच लागायचं, ठाण्यात तशी सक्ती नव्हती. त्यामुळे सगळी लढाई याच दाव्यात होणार होती. लिस पेंडन्सची, म्हणजे या जागेवर दावा चालू असल्याची, नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवली. सोसायटी आणि बिल्डर यांनाही प्रतिवादी केलं. निशाणी ५ चा अर्ज, म्हणजे दाव्यासोबतचा मनाईचा, मंजूर झाला: दाव्याचा निकाल लागेपर्यंत चुलतभावाने फ्लॅटबाबत कुणाशी करार करायचा नाही, नव्या इमारतीतली जागा कुणाच्या ताब्यात द्यायची नाही, आणि बिल्डरने द्यायचं पर्यायी घराचं भाडं कोर्टात भरायचं. या हुकमाने चुलतभावाची अर्धी घाई संपली.

त्याची कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, मुदत उलटून, खर्चाची रक्कम भरून आली. त्यात मृत्युपत्रातलंच वाक्य फिरवून लिहिलं होतं: प्रतिवादी हा मयताच्या हयातीत दोन वर्षे सदर सदनिकेत त्यांच्यासोबत राहत होता. मॅडमनी त्या परिच्छेदाच्या बाजूला पेन्सिलने एक बारीक रेघ ओढली. कारण विचारलं तर म्हणाल्या, "बघू."

फौजदारी खटला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर. दोषारोप वाचून दाखवतात तेव्हा आरोपीने "गुन्हा कबूल नाही" एवढंच म्हणायचं असतं. मी ते वर्गात हजेरी देणाऱ्या मुलीच्या आवाजात म्हटलं. शाळेतून सुटका नसेल त्या तारखेला हजेरीतून सूट मागणारा अर्ज. तरी पुकारा झाला आणि आपण जागेवर नाही, या भीतीने मी सकाळपासून फोन हातात धरून असायची. ई-कोर्ट्सच्या ॲपवर सीएनआर नंबर, म्हणजे खटल्याचा ओळख क्रमांक, टाकला की पुढची तारीख दिसते. ती बघायची सवय इतकी लागली की निकालानंतरही काही महिने बोट तिकडे जायचं.

चुलतभावाचा सरतपास झाला, म्हणजे सरकारी वकिलांनी त्याची साक्ष घेतली; त्याने फिर्यादीप्रमाणे सगळं सांगितलं. उलटतपासाला मॅडम उठल्या. मला वाटलं आता काठी येईल, उशिरा दिलेली फिर्याद येईल. त्या आल्याच, पण नंतर, घाईत. आधी त्यांनी घराबद्दल विचारलं. विजेचं बिल कुणाच्या नावावर? काकांच्या. तुमच्या आधार कार्डावर पत्ता कुठला? डोंबिवली. मुलांची शाळा? डोंबिवली. घटनेच्या वेळी तुम्ही त्या घरात कायदेशीरपणे राहत होता असं तुमचं म्हणणं? हो. कधीपासून राहायला आलात?

इथे मला जाणवलं की ४५२ टिकवायला त्याला ते घर आपलं राहतं घर म्हणून दाखवणं भाग होतं, आणि त्या घाईत त्याने नेमकं सांगितलं: "काका वारल्यावर साधारण महिन्याभराने. चावी शेजारच्यांकडे होती, ती घेतली. त्याआधी मी डोंबिवलीला राहायचो, येऊनजाऊन होतो." न्यायाधीशांनी ते टायपिस्टला सांगितलं. मॅडमनी तेवढ्यात पाण्याचा घोट घेतला आणि पुढचा प्रश्न वैद्यकीय दाखल्यावर गेला.

बाहेर व्हरांड्यात बहीण उसळली. "तिथेच का नाही पकडलं? मृत्युपत्रात दोन वर्षं लिहिलंय, मग हे काय, असं विचारायचं ना!" मॅडम बँड सैल करत म्हणाल्या, "विचारलं असतं तर त्याने जागच्या जागी सुधारलं असतं. अधूनमधून राहायचो, कपडे तिथे असायचे, काहीही. आता ते त्याच्या सहीने रेकॉर्डवर आहे, आणि त्याला ते माहीत नाही." ज्युनियरने नकलेचा अर्ज दिला आणि कोर्टाच्या शिक्क्याची ती जबानी दिवाणीच्या फायलीत जाऊन बसली.

फौजदारी पुढे रेंगाळली, कारण तपास अधिकारी बदली होऊन बाहेर गेले होते आणि समन्सवर समन्स जात होतं. मधेच १ जुलै २०२४ ला नवे कायदे लागू झाले. ४५२ आता भारतीय न्याय संहितेत ३३३ झालं आहे आणि अटकपूर्व जामिनाचं ४३८ नागरिक सुरक्षा संहितेत ४८२. आमचं जुनं प्रकरण जुन्याच कलमांवर चालत राहिलं. मॅडमच्या टेबलावर मात्र दोन्ही आकड्यांचा तक्ता चिकटलेला दिसायला लागला.

दिवाणीत आधी माझी साक्ष. सरतपास शपथपत्रावर असतो, त्यामुळे सगळा प्रश्न उलटतपासाचा. आदल्या संध्याकाळी मॅडमनी पढवलं काहीच नाही. फक्त सांगितलं, "'माहीत नाही' आणि 'आठवत नाही' यांत फरक आहे, जे असेल ते म्हणा. आणि बाई, फळ्यासमोर उभं राहिल्यासारखं समजावून सांगू नका." हे माझ्यासाठी फार अवघड. समोरचे वकील वयस्क, अतिशय सभ्य. एकदाही आवाज चढवला नाही. शेवटच्या वर्षात वडिलांना भेटायला किती वेळा गेलात, त्यांना दवाखान्यात कुणी नेलं, ॲडमिट केलं तेव्हाचं बिल कुणी भरलं. बिल चुलतभावाने भरलं होतं. मी "हो" म्हटलं. आई माझ्याकडे आजारी होती, माझे पेपर होते, बाबा येत नव्हते, हे सगळं घशात दाटून आलं. पण विचारलेलं नव्हतं. जबानीच्या प्रत्येक पानावर सही करताना हात थरथरत होता. घरी येऊन मी कुणाशी बोलले नाही. मॅडमचा रात्री फोन आला, "छान झालं. ते बिल नाकारलं असतंत तर पंचाईत होती, त्यांच्याकडे पावती होती."

चुलतभावाच्या दिवाणी उलटतपासात मॅडमनी ती नक्कल त्याच्या हातात दिली. ही जबानी तुमची? हो. सही तुमची? हो. निशाणी पडली, म्हणजे ती पुराव्यात दाखल झाली. तो "अधूनमधून" म्हणायला लागला, तेवढ्यात त्यांनी विषय बदलला. मृत्युपत्रात जे कारण लिहिलं होतं, तेच त्याच्या स्वतःच्या शब्दांनी खोडलं गेलं होतं.

मृत्युपत्रावरचे दोन साक्षीदार. एक परदेशी गेलेला, म्हणून दुसऱ्यालाच आणलं. कायद्याने एक पुरतो, पण तो पुरा लागतो. चुलतभावाचा मित्र. शपथपत्रात सगळं चोख: काकांनी माझ्यासमोर सही केली, मी त्यांच्यासमोर केली. मॅडमनी त्याला खोटं पाडण्याचा प्रयत्नच केला नाही. काकांना ओळखत होतात? गुडघ्यांचा त्रास होता ना त्यांना? जिना चढायला फार वेळ लागायचा, बरोबर? नोटरींचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर? लिफ्ट आहे का तिथे? नाही. मग काकांना वर न्यायला तुम्हाला खूपच कष्ट पडले असतील.

तो माणूस मुळात वाईट नव्हता, मला वाटतं. सहानुभूती दाखवल्यावर त्याने खरं सांगून टाकलं. "नाही, ते वर आले नव्हते. खाली गाडीत बसले होते. सही केलेला कागद वर आणला होता, आम्ही वर सह्या केल्या."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघितलं. समोरचे वकील फाइल चाळत राहिले. मॅडम म्हणाल्या, "दॅट्स ऑल, युवर ऑनर," आणि बसल्या. टायपिस्टची बोटं थांबली तेव्हा बहिणीने माझं मनगट धरलेलं होतं. यावेळी ती बाहेर काही बोलली नाही. फेरतपासात समोरच्या वकिलांनी दुरुस्तीचा प्रयत्न केला, पण गाडी परत वर आणता येत नव्हती.

त्यानंतर काही तारखांनी समोरूनच मध्यस्थीची भाषा आली. मध्यस्थी केंद्राच्या खोलीत चुलतभाऊ आणि आई कितीतरी दिवसांनी समोरासमोर बसले. आईने पैशाचा विषय काढायच्या आधीच सांगितलं, दवाखान्याचं बिल त्याचं त्याला द्यायचं, व्याजासकट. मॅडमना हे फारसं रुचलं नाही, कारण हाती असलेल्या दाव्यात द्यायला काही लागत नव्हतं. पण त्या म्हणाल्या, "हा तुमचा निर्णय." त्यांचा स्वतःचा सल्ला तडजोडीच्याच बाजूने होता, पण कारण निराळं: निकाल लागला तर अपील होणार, वर्षं जाणार, संमतीच्या हुकूमनाम्यावर अपील नसतं. चुलतभावाने मृत्युपत्रावरचा हक्क सोडला, आम्ही बिलाची रक्कम दिली. कोर्टात साचलेलं भाडं आईला मिळालं आणि नव्या इमारतीच्या करारावर सही आईची झाली.

आता फौजदारीही आपोआप संपेल असं आम्ही धरून चाललो होतो. तसं होत नाही. ४५२ हे आपसात मिटवता येणारं कलम नाही. फिर्यादीला मिटवायचं असलं तरी दंडाधिकाऱ्यांना तो अधिकार नाही. त्यासाठी संमतीने उच्च न्यायालयात जाऊन गुन्हा रद्द करून घ्यावा लागतो. मॅडमनी हिशेब मांडला: मुख्य साक्षीदार झालेले, उरले तपास अधिकारी, आरोपींचे जबाब आणि आमच्या बाजूने सोसायटीचे सेक्रेटरी. "मुंबईच्या चकरा आणि खर्च कशाला? इथेच निकाल घेऊ. नोकरीच्या फायलीत 'रद्द' पेक्षा 'निर्दोष' बरं दिसतं." तपास अधिकारी अखेर आले. त्यांनी कबूल केलं की काठी जप्त केलेली नाही. सेक्रेटरींनी कॅमेऱ्याचं चित्रण आणि प्रमाणपत्र शाबीत केलं.

निकालाच्या दिवशी न्यायाधीशांनी शेवटचा परिच्छेद वाचला, आम्ही तिघं सुटलो. मी बाहेर पडायला वळले तर कारकुनाने थांबवलं. सुटल्यावरही जातमुचलका आणि जामीनदार द्यावा लागतो, ४३७-अ कलमाखाली, सहा महिन्यांसाठी. सरकारने अपील केलं तर वरच्या कोर्टात हजर राहण्याचा. निर्दोष सुटलेल्या माणसाला पुन्हा जामीनदार शोधायला लावणारं कलम कुणी सुचवलं असेल, असं मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "सह्या करा, पुढचा पुकारा माझाच आहे."

निकालाची नक्कल मिळाल्यावर नवऱ्याने ती कोकण भवनात आस्थापना शाखेला दिली. तिथल्या लिपिकाने ती उलटसुलट बघितली आणि अजून एक साक्षांकित प्रत मागितली. तीही दिली. मॅडमची शेवटच्या टप्प्याची फी मी त्याच आठवड्यात चरईत नेऊन दिली. त्या कोर्टात होत्या. ज्युनियरने पावती लिहिली आणि आमच्या दोन्ही फायली एकाच सुतळीने बांधून निकाली प्रकरणांच्या कपाटात ठेवल्या.